सूर्य विझेल तेव्हा

आपल्या देशातील जुन्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत 'आचंद्रार्क' हा शब्द पुष्कळदा आढळतो. राजाने एखाद्या देवालयाला किंवा विद्वानाला जमीन दान दिली, की ते दान आचंद्रार्क, म्हणजे आकाशात चंद्रसूर्य असेपर्यंत चालावे, असे तो कोरून ठेवीत असे. राजे जातील, राज्येही लयाला जातील. पण चंद्रसूर्य कोठे जाणार, अशी त्यामागील भावना होती. परंतु सूर्य तरी खरोखर अक्षय आहे काय?

सूर्य कशाच्या बळावर तळपतो, हे एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणालाच उमगले नव्हते. तो कोळशाचा असता, तर थोड्या हजार वर्षांतच त्याची राख झाली असती. स्वतःच्या भाराने तो आकुंचन पावतो आणि त्यामुळे तापतो, असे लॉर्ड केल्विन यांचे मत होते. या हिशेबाने सूर्याचे वय फार तर काही कोटी वर्षे ठरत होते. पृथ्वीवरील खडक मात्र त्याहून कितीतरी जुने असल्याचे आढळून आले. १९२० मध्ये आर्थर एडिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने असा तर्क मांडला, की सूर्याच्या पोटात हायड्रोजन वायूचे हेलियम बनत असावे आणि त्यातूनच ही अफाट ऊर्जा निर्माण होत असावी. १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी ही क्रिया कशी घडते ते गणिताने उलगडून दाखविले. त्यासाठी १९६७ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

सूर्याच्या गाभ्यातील उष्णतामान सुमारे दीड कोटी अंश सेल्सियस आहे. तेथे दर सेकंदास सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियम होते. या घडामोडीत सुमारे ४० लाख टन द्रव्य नाहीसे होते आणि त्याचेच प्रकाशात व उष्णतेत रूपांतर होते. समईत तेल असते तोवर ज्योत तेवते. त्याचप्रमाणे गाभ्यात हायड्रोजन आहे तोवर सूर्य तळपत राहील. सूर्याचे वय आज सुमारे ४६० कोटी वर्षे आहे आणि आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल इतका साठा त्याच्या गाभ्यात आहे.

तेव्हा काळजीचे कारण नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण संकट त्याच्या बरेच आधी येणार आहे. गाभ्यात हेलियम साठत जाते तसतसा गाभा आवळत जातो, अधिक तापतो आणि सूर्य हळूहळू प्रखर होत जातो. सुमारे १०० कोटी वर्षांनी त्याचे तेज आजच्यापेक्षा एक दशांशाने वाढलेले असेल. तेवढ्यानेही पृथ्वीवरील समुद्र आटू लागतील आणि जीवसृष्टी धोक्यात येईल. विझण्यापूर्वी दिव्याची ज्योत एकदा मोठी होते, असे म्हणतात. सूर्याचेही तसेच होईल. गाभ्यातील हायड्रोजन संपल्यावर तो फुगू लागेल, तांबडा होईल आणि सुमारे ७५० कोटी वर्षांनी त्याचा व्यास आजच्या दोनशे पटींहून अधिक होईल. बुध आणि शुक्र त्याच्या पोटात जातील. पृथ्वीचीही बहुधा तीच गत होईल.

त्यानंतर सूर्याची बाह्य आवरणे अवकाशात विखुरतील आणि पृथ्वीएवढ्या आकाराचा एक निखारा तेवढा मागे उरेल. अशा ताऱ्यास 'श्वेत बटू' म्हणतात. श्वेत बटूंचे गणित मांडणाऱ्यांत भारताचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हे अग्रगण्य होत. १९३० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, मुंबईहून इंग्लंडला जाताना जहाजावरच ते या प्रश्नाचे गणित करीत होते. सूर्याच्या सुमारे १.४ पटींहून अधिक द्रव्य असलेला तारा श्वेत बटू म्हणून टिकू शकत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपला सूर्य या मर्यादेच्या आत आहे. म्हणून त्याचा स्फोट होणार नाही. तो सावकाश निवत जाईल.

मग मानवाने काय करावे? शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. पहिला मार्ग म्हणजे सूर्यापासून दूर सरकणे. सूर्य फुगेल तेव्हा आज गोठलेल्या दूरच्या जगांना ऊब मिळेल. शनीचा टायटन हा उपग्रह असाच आहे. २००५ मध्ये हायगेन्स हे यान त्यावर उतरले. तेथे दाट वातावरण आहे आणि बर्फही विपुल आहे. मात्र थंडी उणे १८० अंशांच्या आसपास आहे. पुढे ती थंडी ओसरली, तरी ती ऊब सूर्याच्या अखेरच्या काळातली असल्यामुळे फार दिवस टिकणार नाही.

दुसरा मार्ग याहून नवलाचा आहे. घर न सोडता घरच हलवावे, अशी ही कल्पना आहे. कोरिकान्स्की, लॉफ्लिन आणि अ‍ॅडम्स या तीन शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये ती मांडली. सुमारे १०० किलोमीटर व्यासाचा एक पिंड गुरू आणि पृथ्वी यांच्याजवळून पुनःपुन्हा जाईल, अशा मार्गाला लावावयाचा. त्याने गुरूकडून ऊर्जा उसनी घ्यावयाची आणि पृथ्वीला द्यावयाची. त्या ओढीने पृथ्वी दर खेपेस किंचित बाहेर सरकेल. सरासरी सहा हजार वर्षांनी एक अशा सुमारे दहा लाख फेऱ्या झाल्या, की पृथ्वी सूर्यापासून आजच्या दीडपट अंतरावर जाईल. यात धोकाही मोठा आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि ते त्या विवराहून कितीतरी लहान अशनीच्या आघाताने झाले आहे. शंभर किलोमीटरचा पिंड नेम चुकून पृथ्वीवर आदळला, तर वाचविण्यासारखे काहीच उरणार नाही.

तिसरा मार्ग म्हणजे दुसऱ्या ताऱ्याच्या आश्रयाला जाणे. सूर्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा हा होय. तो लहान, मंद, तांबडा तारा आपले इंधन इतक्या काटकसरीने वापरतो, की तो लक्षावधी कोटी वर्षे तेवत राहील. त्याच्याभोवती फिरणारा एक ग्रहही २०१६ मध्ये सापडला आहे. परंतु हा तारा ४.२४ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर दूर आहे. १९७७ मध्ये सोडलेले व्हॉयेजर-१ हे यान सेकंदास सुमारे १७ किलोमीटर वेगाने जात आहे. त्या वेगाने तेवढे अंतर कापण्यास सुमारे ७५ हजार वर्षे लागतील. जे लोक यानात चढतील ते तेथे पोहोचणार नाहीत. त्यांचे नातूपणतूही पोहोचणार नाहीत. हजारो पिढ्या वाटेतच जन्मतील आणि वाटेतच संपतील.

या सर्व मार्गांतील खरी अडचण येथे ध्यानात येते. ती केवळ यंत्रांची किंवा शक्तीची नाही. सहा हजार वर्षांनी एक फेरी करावयाची, तर आधीच्या फेरीत काय केले हे पुढच्यांना ठाऊक असले पाहिजे. मानवाला लिहिता येऊ लागून अजून सहा हजार वर्षेही झालेली नाहीत. एवढा दीर्घ काळ एकच काम हातांतून हातांत कसे सोपवावे, हा खरा प्रश्न आहे.

असे काम मानवाने लहान प्रमाणात केलेले आहे. जर्मनीतील कोलोन येथील प्रार्थनामंदिराचा पाया १२४८ मध्ये घातला गेला. सोळाव्या शतकात काम थांबले आणि सुमारे तीन शतके ती इमारत अर्धवट उभी राहिली. पुढे दर्शनी भागाचा जुना आराखडा हाती आला. १८४२ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि १८८० मध्ये मंदिर पुरे झाले. ज्यांनी पाया घातला त्यांनी शिखरे पाहिली नाहीत. पण त्यांनी मागे ठेवलेले रेखाटन नातवंडांच्याही नातवंडांना उपयोगी पडले.

आकाशातील पिंड हलविण्याचा पहिला धडाही मानवाने गिरविला आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये 'डार्ट' नावाचे यान डिमॉर्फस या सुमारे १६० मीटर रुंदीच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळविण्यात आले. दुसऱ्या एका लघुग्रहाभोवती फिरण्यास डिमॉर्फसला पूर्वी ११ तास ५५ मिनिटे लागत. या आघाताने तो काळ सुमारे ३३ मिनिटांनी घटला. अंतरे प्रचंड आहेत आणि हे पाऊल चिमुकले आहे, तरी ते पाऊल आहे.

आधुनिक मानव या भूतलावर येऊन सुमारे तीन लाख वर्षे झाली. त्याच्यापुढे १०० कोटी वर्षांची मुदत आहे. म्हणून वेळेचा तुटवडा नाही. युद्धे, हवापाण्याचा नाश आणि अज्ञान ही संकटे मात्र आजची आहेत. त्यांत मानव टिकला नाही, तर सूर्य विझताना तो पाहावयास कोणीच नसेल.

ताम्रपटावर 'आचंद्रार्क' असे कोरविणारा राजा गेला, त्याचे राज्यही गेले. परंतु ती अक्षरे वाचणारी माणसे अजून आहेत, म्हणूनच त्याची इच्छा आज कळू शकते. सूर्याच्या अस्तानंतरही मानवाने राहावे असे वाटत असेल, तर मिळविलेले ज्ञान जपणे, त्यात भर घालणे आणि ते पुढच्यांच्या हाती नीट देणे, हे काम प्रत्येक पिढीला करावे लागेल. त्यासाठी १०० कोटी वर्षे थांबण्याची गरज नाही. ज्या शाळेत एक मूल आज वाचावयास शिकते, तेथे ते सुरू झालेले असते.