टाळ्या दिल्या, नाव कधी देणार?

आपल्या जिल्ह्यात भीमजयंती एका दिवसात संपत नाही. 14 एप्रिलला धाराशिव शहरात मिरवणूक निघते आणि मग कळंब, उमरगा, भूम, परंड्याच्या गावागावांत मे महिन्यापर्यंत जयंत्या चालूच राहतात. त्याचे एक कारण साधे आहे. गायन पार्ट्या मोजक्या आणि गावे पुष्कळ. ज्या तारखेला पार्टी सुपारी घेईल, ती त्या गावाची जयंती.

अशाच एका जयंतीला कळंब तालुक्यातील एका गावात वक्ता म्हणून गेलो होतो. माझे भाषण लोकांनी सहन केले. ते थांबले होते गाण्यासाठी. मग पार्टीतली एक बाई माईकसमोर आली. साधी सुती साडी, हातात कागदसुद्धा नाही. तिने माता रमाईवरचे गाणे असे उचलले की टपरीवर चहा पिणारेही मंडपात येऊन बसले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी डोळ्याला पदर लावला. घरी आल्यावर मी हे सगळे आईला रंगवून सांगितले. तिने एवढेच विचारले, "बाई कुठली रं? नाव काय तिचं?"

मला सांगता आले नाही. मोबाईलमधला बॅनरचा फोटो काढून पाहिला. माझे नाव 'ॲड.' लावून ठळक अक्षरात होते. सरपंच होते, मंडळाचे सारे पदाधिकारी फोटोसह होते. खाली 'भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम' आणि पार्टीच्या बुवांचे नाव. तिचे नाव कुठेच नव्हते. मग आणखी एक गोष्ट आठवली. गाणे चालू असताना बक्षिसी देणाऱ्या प्रत्येकाचे नाव रकमेसह माईकवरून पुकारले जात होते. पन्नास रुपये देणाऱ्याला नाव होते. जिच्या गळ्यासाठी ते दिले, तिला नव्हते.

ही चळवळ बायकांच्या गळ्यावर किती उभी आहे, हे आपण मोजलेलेच नाही. आमच्या पिढीचे कान टेपरेकॉर्डरवर तयार झाले. सुषमा देवी, शकुंतला जाधव, वैशाली शिंदे यांचे आवाज वस्तीवस्तीत वाजत. अक्षर न ओळखणाऱ्या आमच्या आया-मावश्यांना महाडचे तळे आणि नागपूरची दीक्षाभूमी आधी गाण्यातून कळली. त्याच्याही आधी जाते होते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. मला त्या कामातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गावही लिहून घेतले.

आज मोबाईलमुळे नवे आवाज घरोघरी पोचले आहेत. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांनी पतीच्या निधनानंतर एकतारीवर गाऊन मुले वाढवली. आज त्यांचा आवाज महाराष्ट्रभर ओळखतात. पंजाबात जालंधरची गिन्नी माही बाबासाहेब आणि संत रविदास पॉपच्या ठेक्यावर गाते. चेन्नईची इसैवाणी पुरुषांचा समजला जाणारा 'गाना' हा प्रकार गाते. तिचे नाव 2020 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत आले. या सगळ्यांचा मला अभिमान आहे. पण अभिमानाने चूल पेटत नाही.

नावासाठीचे भांडण जुने आहे. 1949 च्या 'महल' चित्रपटातले गाजलेले गाणे लता मंगेशकरांनी गायले, पण सुरुवातीच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे पडद्यावरच्या पात्राचे नाव छापले होते. पुढे साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून त्या निर्मात्यांशी भांडल्या. एवढ्या मोठ्या गायिकेलाही भांडावे लागले, तर पार्टीतल्या आमच्या बाईचे काय?

आज तिच्या बाजूने कायदा आहे. कॉपीराइट कायदा 1957 चा. 1994 च्या दुरुस्तीने कलावंताला स्वतःच्या सादरीकरणावर स्वतंत्र हक्क मिळाला. त्याची मुदत आता 50 वर्षे आहे. 2012 च्या दुरुस्तीने कलम 38-अ आणि 38-ब आले. सादरीकरणाचा धंद्यासाठी वापर झाला तर कलावंताला रॉयल्टीचा हक्क आहे. सादरीकरण आपले आहे असे नावानिशी सांगितले जाण्याचा आणि त्याची मोडतोड थांबवण्याचाही हक्क आहे. घरी ऐकण्यासाठी कोणी मोबाईलवर चित्रण केले तर कायदा आड येत नाही. पण तेच चित्रण चॅनेलवर टाकून जाहिरातीचे पैसे घ्यायचे असतील, तर तिची संमती लागते. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी, सहीचा करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल, तर ती 5 वर्षेच धरली जाते. "एकदा पैसे दिले, आता गाणे कायमचे आमचे" हे तोंडी बोलणे कोर्टात टिकणारे नाही.

पण कार्यक्रमाला एका रात्रीची बिदागी घेणारी बाई कोर्टाची पायरी कधी चढणार? म्हणून हे काम आधी जयंती मंडळांचे आहे. बॅनरवर गायिकेचे, कोरसमधल्या बायकांचेसुद्धा, नाव छापा. बिदागी किती ते आधी ठरवा आणि तिच्या हातात द्या. चित्रण चॅनेलवर टाकायचे तर एका कागदावर अटी लिहा, तिला वाचून दाखवा, मगच सही घ्या. आणि चित्रणाखाली पहिले नाव तिचे लिहा. असा कागद करून हवा असेल, तर धाराशिवच्या कोर्टात मी बसतो. फी घेणार नाही.

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे माप आपल्याला दिले. ते माप आपण इतरांना रोज लावतो. या वर्षी ते आपल्याच जयंतीच्या बॅनरला लावून पाहू. आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजून नाही. पुढच्या जयंतीला भाषणाचे निमंत्रण घेऊन कोणी आले, तर मी आधी एकच विचारणार आहे: गाणारी बाई कोण, आणि तिचे नाव छापले का?