विश्लेषण : चांदीचे दागिने काळे का पडतात? घासून चमकवताना चांदीच झिजते का?

गौरी-गणपती, दिवाळी किंवा लग्नसराई जवळ आली की कपाटातले पैंजण, वाळे, छल्ला बाहेर निघतात आणि ते काळवंडलेले दिसतात. मग टूथपेस्ट, रांगोळी, राख असे घरगुती उपाय सुरू होतात. दागिना चमकतो; पण ही चमक अनेकदा चांदी खरवडून मिळालेली असते. ती कशी, आणि ते टाळायचे कसे?

‘९२५’ म्हणजे काय?

शुद्ध चांदी मऊ असते. नाजूक दागिना त्यात टिकत नाही, वाकतो. म्हणून १००० भागांत ९२५ भाग चांदी आणि उरलेले ७५ भाग बहुधा तांबे मिसळले जाते. हीच स्टर्लिंग चांदी. दागिन्याच्या आतल्या बाजूला किंवा कडीजवळ ‘९२५’ असा बारीक शिक्का दिसतो.

काळा थर कसला असतो?

हा लोखंडासारखा गंज नाही. हवेतील गंधकयुक्त वायूंशी, मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडशी, चांदीचा संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होते. हवा दमट असेल तर ही क्रिया वेगाने होते, त्यामुळे मुंबई-कोकणात पावसाळ्यात दागिने लवकर काळे पडतात. अंडी, लोकर, रबर आणि काही सौंदर्यप्रसाधनांतूनही गंधक चांदीपर्यंत पोहोचते. त्यामुळे दागिना काळा पडला म्हणजे सराफाने फसवले, असे नव्हे.

महत्त्वाचे म्हणजे या काळ्या थरात वजनाने सुमारे ८७ टक्के चांदीच असते. तो घासून काढला, की तेवढी चांदी पाण्याबरोबर मोरीत जाते.

टूथपेस्ट, रांगोळी का नको?

टूथपेस्ट, राख आणि रांगोळीत बारीक खरखरीत कण असतात. ते काळ्या थराबरोबर खालची चांदीही घासतात. दागिन्यावर सूक्ष्म चरे पडतात आणि कालांतराने नक्षी पुसट होते. चिंच-लिंबाने तांब्या-पितळेची भांडी लखलखतात, कारण आम्लात त्यांच्यावरचा थर विरघळतो. सिल्व्हर सल्फाइड मात्र अशा सौम्य आम्लात विरघळत नाही.

मग साफ कसे करावे?

दागिना फक्त मळलेला असेल तर कोमट पाणी, रिठ्याचे पाणी किंवा सौम्य साबण आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. काळा थर असेल तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा उपाय करता येतो. काचेच्या भांड्याच्या तळाशी फॉइल पसरावी आणि दागिना फॉइलला टेकेल असा ठेवावा. त्यावर एक-दोन चमचे खायचा सोडा टाकून दागिना बुडेल इतके गरम पाणी हळूहळू ओतावे. काच तडकू नये म्हणून भांडे उष्णता सोसणारे असावे. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. नंतर दागिना स्वच्छ पाण्याने धुऊन सुती कापडाने पूर्ण कोरडा करावा.

यात अ‍ॅल्युमिनियम गंधक ओढून घेते आणि सल्फाइडमधली चांदी पुन्हा मोकळी होते. सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. थर फार जाड असेल तर दागिना थोडा निस्तेज दिसू शकतो. मऊ कापडाने हलके पुसल्यास फरक पडतो.

हा उपाय कुठे करू नये?

‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांवर अजिबात करू नये. नाव ऑक्सिजनचे असले तरी त्यांच्या नक्षीतला काळेपणा मुद्दाम चढवलेले सल्फाइडच असते. फॉइलच्या पाण्यात तो निघून जातो आणि दागिना पांढराफटक दिसतो. मोत्यांची नथ, चिकटवलेले खडे, दोऱ्यात पटवलेले दागिने आणि सोन्याचा मुलामा दिलेली चांदी यांनाही हे पाणी लावू नये. ते ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरडे करावेत.

ठेवताना काय काळजी घ्यावी?

दागिना पूर्ण कोरडा करून वेगवेगळ्या झिपच्या पिशवीत, आतली हवा काढून ठेवावा. सोबत सिलिका जेलची पुडी किंवा खडू ठेवल्यास ओल शोषली जाते. रबरबँड, लोकरी कापड आणि वर्तमानपत्राचा कागद टाळावा. अत्तर, तेल, क्रीम आधी लावावे आणि दागिना शेवटी घालावा. सर्वात सोपा उपाय म्हणजे दागिना वापरणे. रोजच्या वापरात थर साचायच्या आतच पुसला जातो. म्हणूनच पायातली जोडवी बहुधा पांढरी राहतात आणि कपाटातले पैंजण काळे पडतात.

पॉलिशला देताना?

बाजारातल्या पॉलिशमध्येही थोडी चांदी जाते. त्यामुळे वारंवार पॉलिश टाळावे. देण्याआधी आणि परत घेताना समोर वजन करून पावतीवर लिहून घ्यावे. दारावर येऊन ‘दागिने उजळून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती मात्र दागिना देऊच नये. काळे पडलेले पैंजण घरी उजळता येतात, गेलेली चांदी परत येत नाही.