दस्तरखानावरचा तितर

गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी भाच्याच्या अकीक्याची बोलणी चालू होती. बिर्याणी, दालचा, मीठा सगळे ठरले आणि शेवटी एका नातलगाने आवाज खाली करून विचारले, "तितर पाहिजेत का? ओळखीचा माणूस आहे. जाळ्यात धरलेले, जिवंत आणून देतो." दोघा-तिघांचे चेहरे खुलले. आम्ही सोलापूरकडच्या माळरानातले. आमचे दादा बंदूक घेऊन पहाटे जायचे आणि परतताना सायकलच्या हँडलला चार-पाच तितर लटकलेले असायचे, हे आम्ही लहानपणी पाहिले आहे. दादी ते मातीच्या हंडीत, मसाला बेताचा घालून शिजवायची. ती चव विसरलो म्हटले तर खोटे होईल.

तरीही आम्ही नको म्हणालो. त्यावरून कुरबूर झाली. "अल्लाहने हलाल केलेल्या पाखराला नको म्हणणारे तुम्ही कोण?" असे थेट तोंडावर विचारले गेले. प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. ते इथे देतो.

तितर हलाल आहे, यात वाद नाही. पण हलाल असलेली शिकारही केव्हाही, कुठेही करता येत नाही, हे आपल्याच दीनने शिकवले आहे. एहरामच्या अवस्थेत जमिनीवरची शिकार मना आहे. मदीनेभोवतीच्या हद्दीत प्रेषितांनी (स.) शिकार आणि झाडतोड दोन्ही बंद केली होती. एका प्रवासात सहाबांनी एका लहान पाखराची पिल्ले उचलली, आई वर घिरट्या घालू लागली, तेव्हा पिल्ले परत ठेवायला लावली, हे अबू दाऊदच्या हदीसमध्ये आहे.

आता देशाचा कायदा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला तितर-लाव्ह्यासारख्या लहान शिकारीला परवाना मिळत असे. 1991 च्या दुरुस्तीने ते परवाने बंद झाले. (दादांकडे परवाना होता की नाही, हे घरात कधी कुणी विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत.) आज तितर मारणे, धरणे, विकणे आणि विकत घेणेही गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. अकीक्याच्या दावतीत पोलीस नकोत, एवढे कारणही पुरेसे होते.

पण खरे कारण माळावर आहे. तितर झाडावर घरटे करत नाही. झुडपाखाली किंवा गवताच्या बुंध्याशी जमिनीत उथळ खळगा, त्यात सहा-आठ अंडी. पिल्ले अंड्यातून निघाली की लगेच धावू लागतात, पण पहिले काही आठवडे त्यांना दाणे पुरत नाहीत. वाळवी, मुंग्या, नाकतोडे असे किडे लागतात. आमच्या लहानपणी शेतांचे बांध रुंद असत. त्यावर गवत, बोरी, बाभळी. आज बांधावर जेसीबी फिरला आहे आणि शेतात फवारणी. तितर रात्री काटेरी झाडावर चढून बसतो, ते झाड सरपणात गेले. उरला माळ, तो सरकारी कागदावर 'पडीक'. मग त्यावर झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात. आम्हीही शाळेतल्या मुलांना घेऊन गवताळ माळावर खड्डे खोदले आहेत, फोटो काढले आहेत. गवत हेच त्या पाखराचे घर आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

त्यात पारध्याची युक्ती अशी की पिंजऱ्यात पाळलेला नर ठेवायचा आणि भोवती फास लावायचे. पाळलेला ओरडला की त्या भागाचा मालक असलेला रानटी नर भांडायला धावतो आणि अडकतो. म्हणजे जोडीतला, अंड्या-पिल्लांवर असलेला नरच हाती लागतो.

पाखरे किती झपाट्याने संपू शकतात, याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या नगर जिल्ह्यात रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने 1809 ते 1829 या वीस वर्षांत 961 माळढोक मारले, अशी नोंद आहे. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते. आज सगळ्या जगात माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, बहुतेक जैसलमेरकडे. आमच्याजवळच्या नान्नजला 1979 मध्ये त्यांच्यासाठी अभयारण्य झाले, तरी तिथे आता माळढोक दिसला तर ती बातमी होते. आता बंदुकीपेक्षा विजेच्या तारा त्यांचा जीव घेतात.

जिथे शिकार कायदेशीर आहे तिथेही ती मोकाट नाही. ठरलेला मोसम, दिवसाला ठरलेली संख्या, विणीच्या काळात पूर्ण बंदी. अमेरिकेत 1937 पासून बंदुका-काडतुसांवरचा कर रानांच्या जतनाला जातो. आखाती अमीर बहिरी ससाण्याने हुबारा धरतात. तो पक्षी कमी झाल्यावर अबुधाबीने पिंजऱ्यात पैदास करून लाखो हुबारा सोडले. पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2015 मध्ये त्या शिकारीवर बंदी घातली आणि जानेवारी 2016 मध्ये ती उठवली. पैसा आणि पाहुणचार यांपुढे पाखराचे किती चालते, ते यात दिसते. आपल्याकडे मोजदाद नाही, राखणदार नाही. अशा ठिकाणी 'जबाबदार शिकार' म्हणजे शिकार न करणे, असे आमचे मत आहे.

बैठकीत आम्ही सालिम अली यांचे नाव घेतले. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेला हा मुलगा छर्‍याच्या बंदुकीने चिमण्या मारायचा. 1908 च्या सुमारास एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही खाणे जायज आहे का, हे विचारायला तो शिकारीचे शौकीन असलेल्या मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामांनी ती ओळखायला त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे पाठवले. त्यांनी कपाटे उघडून पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि मुलगा जन्मभर पक्ष्यांच्या मागे लागला. तोंडात घास जाण्याआधी विचारलेला एक प्रश्न, बस.

अकीक्याला शेवटी बटेर आणले. फार्ममध्ये वाढवलेले जपानी बटेर, पावती घेऊन. त्या नातलगाने दोन खाल्ले आणि म्हणाले, "नरम आहे, पण रानातली गोष्ट नाही." खरे आहे, नव्हतीच.

उत्तरेकडचे लोक काळ्या तितराच्या आवाजात "सुब्हान तेरी कुदरत" ऐकतात. आपला राखी तितर तसे काही म्हणत नाही, नुसता ओरडतो. या हिवाळ्यात फजरनंतर आम्ही सातवीची पाच मुले घेऊन गावामागच्या माळावर उभे राहिलो आणि कान देऊन मोजले. पहिल्या दिवशी दोन आवाज, दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी धुके होते आणि एकच. मुलांनी वहीत तारखा घालून लिहिले आहे. पुढच्या हिवाळ्यात त्याच जागी पुन्हा जायचे आहे.