स्टार्टरच्या झाकणातला डायग्राम असा वाचा

पिठाची गिरणी असो की मिरची कांडप, थ्री फेज मोटर आली की स्टार्टर आलाच. त्याच्या झाकणात आतून एक डायग्राम बहुतेक वेळा चिकटवलेला असतो. "ते वायरमन बघेल" म्हणून आपण झाकण लावून टाकतो. जोडणी परवानाधारक वायरमननेच करायची, यात वाद नाही. पण त्याने काय जोडलंय, हे मालकाला कळायला नको का?

साधा डीओएल स्टार्टर घेऊ. पॉवर सर्किट सोपं आहे: आर, वाय, बी या तीन फेज कॉन्टॅक्टरमधून, मग ओव्हरलोड रिलेमधून मोटरकडे जातात. संपलं.

खरी गंमत कंट्रोल सर्किटमध्ये आहे. आधी एक नियम लक्षात ठेवा: चित्र नेहमी लाइट बंद आणि बटणं न दाबलेली असतानाचं काढतात. म्हणून लाल स्टॉप बटण जुळलेलं दिसतं, त्याला एनसी म्हणतात. हिरवं स्टार्ट उघडं दिसतं, ते एनओ. आता कागदावर बोट फिरवा. एका फेजपासून ओव्हरलोडचे 95-96, स्टॉप, स्टार्ट आणि कॉन्टॅक्टरची कॉइल ए1-ए2 (क्रम थोडा मागेपुढे असू शकतो). कॉइलला करंट मिळाला की कॉन्टॅक्टर ओढला जातो, मोटर फिरते.

मग बटण सोडल्यावर मोटर थांबत का नाही? स्टार्टला समांतर 13-14 बघा. कॉन्टॅक्टर ओढला की हाही जुळतो आणि कॉइलला धरून ठेवतो. लाइट गेली की सुटतो. लाइट परत आली तरी कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत मोटर गप्प! लाइट नाही म्हणून कुणी पट्ट्याला हात घातला असेल, तर त्याचा हात या छोट्याशा कॉन्टॅक्टमुळे वाचतो. शेतीपंपाला लावतात तसला ऑटो स्विच गिरणीला अजिबात नको.

आणि 95-96? मोटरवर जादा लोड आला की हे उघडतात, कॉइल सुटते. "सारखं ट्रिप होतंय" म्हणून कुणी तिथे वायरचा तुकडा टाकून दिला, तर मशीन चालेल हो, मोटर जळेपर्यंत! रिलेचं सेटिंग मोटरच्या प्लेटवरच्या अँपिअरशी जुळतंय का, ते वायरमनला विचारा.

आज एवढं करून बघा. मशीन रिकामं चालवा, मेन स्विच बंद करा, मशीन पूर्ण थांबू द्या, सगळ्यांना लांब उभं करा आणि मेन परत चालू करा. मशीन आपोआप सुरू झालं, तर मेन पाडून ठेवा आणि वायरमनला बोलवा.