वाढदिवसाचा खाऊ आपल्या शेतातला असावा

शाळेत सकाळची प्रार्थना झाली की एखादं लेकरू नवा ड्रेस घालून पुढे येतं, टाळ्या वाजतात आणि चॉकलेटची पिशवी वर्गावर्गांतून फिरते. ही पद्धत आता खेड्यापाड्यांतही चांगलीच रुळली आहे. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वेळी हे नव्हते. नाव घालताना गुरुजींनी १ जून तारीख टाकली की तोच वाढदिवस, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी!

वाढदिवस करू नये असे कोणी म्हणणार नाही. पण पिशवीत असते काय? साखर आणि रंग. शंभर पोरांच्या शाळेत महिन्याला आठ वाढदिवस येतात, म्हणजे आठवड्याला दोनदा चिकट गोळी दाताला. जादा साखर, मीठ व चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकू नयेत, असा केंद्राचा २०२० चा नियम आहे. पण तो दुकानदाराला. आपल्या हातच्या पिशवीला कोण अडवणार?

याहून टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्याच्या घरी त्या दिवशी पैसा नसतो, ते लेकरू पोट दुखते म्हणून घरीच बसते. वाढदिवस जुलैत आला तर बापही म्हणतो, "बियाणं आणू का याच्या चाकलेटी आणू?"

त्यावर एक सोय आहे. शालेय पोषण आहार योजनेला २०२१ पासून पीएम पोषण म्हणतात. तिच्यात 'तिथी भोजन' आहे, आपल्या राज्यात त्याला 'स्नेहभोजन' नाव आहे. वाढदिवस, लग्न अशा निमित्ताने कोणीही शाळेला पूर्ण जेवण किंवा एखादा जादा पदार्थ देऊ शकतो. ते रोजच्या आहाराच्या जोडीला, बदली म्हणून नव्हे.

आता हिशेब पाहा. एक किलो शेंगदाणे भाजून, सालं काढून जाडसर कुटा, त्यात अर्धा किलो गूळ घालून पुन्हा कुटा. दाण्याच्या तेलानेच लाडू वळला जातो. तीस ग्रॅमचे पन्नास लाडू होतात. एका लाडवात सुमारे ५ ग्रॅम प्रथिने मिळतात. पहिली ते पाचवीच्या पोषण आहारात प्रथिनांचे प्रमाण १२ ग्रॅम धरलेले आहे, यावरून लाडवाची किंमत कळावी. मात्र गूळ झाला तरी साखरच, तेव्हा खाल्ल्यावर पोरांना चूळ भरायला लावा.

दाणे निवडून घ्या. चांगला माल बाजारात आणि गाळ घरात, ही आपली जुनी खोड. बुरशी लागलेल्या दाण्यात विष तयार होते, ते भाजूनही पुरते जात नाही. अंगणवाडीच्या लेकरांना अख्खे दाणे, फुटाणे देऊ नयेत, श्वासनलिकेत अडकतात. कोणाला दाणे सोसत नसतील तर आधी विचारून घ्यावे.

बाकी ऋतू सांगेल तसे. १२ जानेवारीला सिंदखेड राजाला जिजाऊंचा जन्मोत्सव असतो, तेव्हा घरोघरी तीळ असतातच. त्याच सुमाराला बोरं आणि हरभऱ्याचे घाटे. पावसाळ्यात मोड आलेली मटकी वाफवून. संग्रामपूर, जळगाव जामोदकडे संत्री. ज्वारी कमी झाली, तरी लाह्यांपुरती कोणाकडे तरी निघतेच.

सरपंच व शाळा व्यवस्थापन समितीने एवढे ठरवावे, की महिन्याच्या एका दिवशी त्या महिन्यातल्या सगळ्यांचा वाढदिवस एकत्र होईल. ज्याच्याकडे जे पिकते ते त्याने आदल्या दिवशी शाळेत द्यावे. कोणी काय दिले हे फळ्यावर लिहू नये. पदार्थ वाटण्याआधी शिक्षकांनी व एखाद्या मायमाऊलीने चाखून पाहावा.

आणि १ जूनवाल्या आजोबांनाही एखाद्या महिन्यात त्या रांगेत उभे करावे. त्यांच्याकडून दोन किलो दाणे घ्यायला हरकत नाही.