मीडिया किट म्हणजे काय? छोट्या गावातल्या क्रिएटरने ते कसं बनवायचं?

नगर तालुक्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीने ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनेल सुरू केलं. त्यांच्या गावरान रेसिपी लाखो लोकांनी पाहिल्या. ऑक्टोबर 2020 मध्ये मात्र हे चॅनेल हॅक झालं. काही दिवसांनी ते परत मिळालं, पण धोका सगळ्यांच्या लक्षात आला. खातं गेलं तर व्हिडिओ जातात, आकडे जातात आणि मेहनतीने मिळवलेली ओळखही जाते. म्हणूनच आपल्या कामाची नोंद खात्याबाहेरही हवी. मीडिया किट इथेही उपयोगी पडतं.

मीडिया किट म्हणजे नक्की काय?

नोकरीसाठी जसा बायोडाटा, तसं कलाकारासाठी मीडिया किट. दोन-तीन पानांची पीडीएफ फाइल. तुम्ही कोण, काय करता, तुम्हाला कोण पाहतं आणि तुमच्यासोबत काम कसं करायचं, हे त्यातून समोरच्याला कळतं. कॅनव्हासारख्या अ‍ॅपवर ते मोबाइलवरच बनवता येतं.

त्यात काय असावं?

1. ओळख: नुसतं ‘कंटेंट क्रिएटर’ लिहू नका. ‘अकोले तालुक्यातल्या रानभाज्यांवर मराठीत व्हिडिओ करते’ असं नेमकं लिहा.

2. प्रेक्षक: वय, शहर, स्त्री-पुरुष प्रमाण. ही माहिती यूट्यूब स्टुडिओत आणि इन्स्टाग्रामच्या प्रोफेशनल खात्यात ‘इनसाइट्स’मध्ये मिळते. आकडे कोणत्या तारखेचे, तेही लिहा.

3. एंगेजमेंट: समजा 12,000 फॉलोअर्स आहेत आणि एका पोस्टवर सरासरी 600 लाइक्स-कमेंट्स येतात, तर एंगेजमेंट 5 टक्के.

4. कामाचे नमुने: सगळे नकोत, सर्वात चांगल्या तीन ते पाच कामांच्या लिंक पुरेत.

5. सेवा आणि दर: रील, व्हिडिओ, स्टोरी यातलं काय करता ते लिहा. दर बदलत असतात, त्यामुळे ते वेगळ्या पानावर ठेवा.

6. संपर्क: कामासाठी वेगळा ईमेल ठेवा. घरचा पत्ता आणि बँकेला जोडलेला मोबाइल नंबर देऊ नका.

फॉलोअर्स कमी असतील तर?

लाजायचं कारण नाही. तुमचे निम्मे प्रेक्षक संगमनेर, राहाता, श्रीरामपूर भागातले असतील, तर संगमनेरच्या दुकानदाराला तेच हवे असतात. देशभर विखुरलेल्या एक लाख लोकांचा त्याला काय उपयोग? त्यामुळे आकडा छोटा असला तरी खरा द्या. विकत घेतलेले फॉलोअर्स कमेंट करत नाहीत, आणि एंगेजमेंट पाहिली की ते लगेच उघड होतं.

कोणती काळजी घ्यायची?

पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन पोस्ट केली, तर ती जाहिरात आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. जाहिरात मानक परिषद म्हणजे ‘एएससीआय’चे हे नियम 14 जून 2021 पासून लागू आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यानुसार 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहीन’ ही ओळ किटमध्येच टाका. ब्रँडचाही विश्वास वाढतो.

दुसरी गोष्ट, फसवे मेल. ब्रँडच्या नावाने येणाऱ्या खोट्या ऑफरमधून यूट्यूबर्सची खाती चोरली जात असल्याचं गूगलने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितलं होतं. अनोळखी मेलमधली फाइल डाउनलोड करू नका. कंपनीच्या अधिकृत वेबसाइटवरून आधी खात्री करा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू ठेवा.

शेवटचं काम

दर तीन महिन्यांनी आकडे अपडेट करा. किटची एक प्रत ड्राइव्हवर ठेवा आणि एक पेनड्राइव्हमध्ये. त्यासोबत मूळ व्हिडिओही साठवा. उद्या खात्याचं काही झालं, तरी तुमचं काम दाखवायला तुमच्याकडे पुरावा असेल.