कोंबडा की कोंबडी?

तिसरीपासून एआय आणि ‘संगणकीय विचार’ शिकवायचं केंद्राने ठरवलं, त्यासाठी 2026-27चं वर्षही जाहीर केलं. सुट्टीतल्या कोडिंग शिबिरांना आणखी काय हवं होतं? 2020च्या टाळेबंदीत एका जाहिरातीतला चिमुरडा कोडिंगच्या जोरावर गूगलमध्ये कोट्यवधींचा पगार घेत होता. तो पोरगा मुळात नव्हताच, काल्पनिक होता. तरी पालकांची धास्ती काही कमी होत नाही.

सुट्टीच्या याच दिवसांत पालघर जिल्ह्यातल्या कामणला, तुंगारेश्वरच्या रानाकडच्या उतारांवर करवंदांच्या जाळ्या पिकलेल्या असतात. काटे जोडीजोडीने उभे, बोटांना पांढरा चीक, आणि सगळ्यात काळंभोर करवंद नेमकं आतल्या फांदीला. तोंडात टाकण्याआधी पैज लागते: कोंबडा की कोंबडी? करवंद फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी.

उत्तरं दोनच. संगणकही सगळा हिशेब असाच दोन खुणांत करतो, एक आणि शून्य.

न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल यांना हा खेळ फार आवडला असता. 1990च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी संगणकाला हात न लावता संगणकशास्त्र शिकवणारे खेळ रचले. ‘सीएस अनप्लग्ड’ या नावाने ते जगभर पोचले. त्यातला गाजलेला खेळ पाच कार्डांचा. कार्डांवर 16, 8, 4, 2, 1 असे ठिपके. उघड्या कार्डांचे मोजायचे, पालथ्यांचे सोडून द्यायचे. कामणच्या पोरांना कार्डं कशाला हवीत? फोडलेली पाच करवंदं ओळीत मांडा. कोंबडा म्हणजे उघडं कार्ड, कोंबडी म्हणजे पालथं. कोंबडा, कोंबडी, कोंबडी, कोंबडा, कोंबडा. म्हणजे 16 अधिक 2 अधिक 1, एकोणीस. पाच करवंदांत शून्यापासून 31पर्यंतचा कुठलाही आकडा बसतो. सहावं घेतलं की थेट 63पर्यंत. मग सगळी खाऊन टाकायची. कार्डांत ही सोय नाही.

एआयही इथेच भेटतो. न फोडता ‘हा कोंबडाच’ म्हणून छातीठोक सांगणारा एकजण प्रत्येक टोळक्यात असतो. आधी फोडलेल्या करवंदांचा रंग, आकार, जाळी ध्यानात ठेवून तो अंदाज बांधतो आणि चुकला की पुढच्या वेळी सुधारतो. यंत्राला उदाहरणं दाखवून शिकवतात ते काही वेगळं नाही. फरक इतकाच की इथे चूक लगेच सगळ्यांसमोर फुटते आणि चिडवणारेही हजर असतात. महागड्या शिबिरातलं तयार अ‍ॅप ‘शाब्बास’ म्हणत राहतं, ते मला जास्त घातक वाटतं.

अर्थात रानमेव्याचं कौतुक करणं शहरी माणसाला सोपं असतं. याच पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळाला 2023मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. करवंदाचा भाव अजून पानाच्या द्रोणावरच ठरतो. ते द्रोण घेऊन स्टेशनाबाहेर बसणारीच्या पोराला शिबिराची फी परवडणार नाही. आणि करवंदांनी या विचाराचं बीज रुजलं तरी पुढे कळफलकावर बोटं पडायलाच हवीत, त्याला रानात पर्याय नाही. तेव्हा तिसरीची पुस्तकं छापण्याआधी एक साधं काम सरकारने करावं: गावोगावच्या शाळांतले संगणक मे महिन्यात कुलूपबंद ठेवू नयेत. दुपारी दोन तास उघडले तरी चालतील. पोरं सकाळी जाळीतच असतात.